पॉलिशवाल्या गुरुजींची स्क्रीन

काशीनाथ शिगवण कुणाच्या घरी गेला की पाण्याचं फुलपात्र तोंडाला लावण्याआधी उजेडाकडे तिरकं धरून बघायचा. पाणी नव्हे, फुलपात्र. मग ओठ मुडपायचा आणि ते तसंच टीपॉयवर ठेवून द्यायचा. घरातली बाई बिचारी विचारायची, "भावजी, पाणी नको का?" तर हा म्हणायचा, "राहू द्या. भांडं घासताना घाई झालेली दिसतेय." मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमध्ये राहणाऱ्या या गृहस्थाला त्यामुळे बिल्डिंगमध्ये कुणी दुसऱ्यांदा पाणी विचारत नसे. यावरून त्याने काढलेला निष्कर्ष असा, की लोकांना हल्ली पाहुणचाराची रीत उरलेली नाही.

ही खोड कारखान्यातली. भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी बनवणाऱ्या एका कारखान्यात काशीनाथ पॉलिश खात्याचा सुपरवायझर होता. सुपरवायझर म्हणजे काय, तर बफच्या फिरत्या चाकावर थाळ्या धरणारी माणसं दिवसभर काळ्या भुकटीत न्हाऊन निघत, डोळे आणि दात तेवढे माणसाचे वाटत, आणि हा हात मागे बांधून त्यांच्यामधून फिरे. थाळी उचलायची, तिच्यात स्वतःचं तोंड बघायचं, केस सारखे करायचे आणि म्हणायचं, "रिजेक्ट." स्वतः किती थाळ्या चमकवल्या असं कुणी विचारलं असतं तर त्याला उत्तर देणं जड गेलं असतं, पण आपण रिजेक्ट केलेल्या मालाबद्दल तो तासन्‌तास बोलू शके. पुढे मालकाने कारखाना गुजरातच्या हद्दीत हलवला. यंत्रं नेली, बफ नेले, काळ्या तोंडाच्या माणसांपैकी जी यायला तयार होती ती नेली. काशीनाथला नेलं नाही. मालकाला माणसांची पारख नव्हती, असं काशीनाथ अजून सांगतो.

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत हात बघायचा त्याला नाद होता. कामगारांना आधी साबणाने हात धुऊन यायला लावायचा, मग भविष्य. फुटपाथवरून घेतलेली हस्तरेषांची दोन पुस्तकं, तीही अर्धवट वाचलेली, आणि समोरच्याकडे बघताना नाकपुड्या फुगवण्याची सवय, एवढ्या भांडवलावर त्याने भाईंदर पश्चिमेच्या बाजारात एका गाळ्यात दुकान टाकलं. पाटी लावली: वैज्ञानिक हस्तरेषा केंद्र, येथे संगणकावर हात पाहिला जाईल. कपाळाला गंध आलं, अंगात झब्बा आला आणि सुपरवायझरचा गुरुजी झाला. लोक पाया पडायला लागले. हल्ली लोक कुणाच्याही पाया पडतात हे त्याला दिसत होतं. पण आपल्या पडतात ते बरोबर पडतात, असं त्याचं मत होतं.

संगणक कशाला, याचं खरं उत्तर फक्त त्याच्या बायकोला, सुगंधाला माहीत होतं. काशीनाथला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. कुणाचा हात हातात घेतला तर रेषा सोडाच, बोटंसुद्धा धुक्यात बुडालेली दिसत. सुगंधा म्हणायची, "अहो, ऑपरेशन करून घ्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे." पण जगाचं भविष्य बघणारा माणूस काळा चष्मा लावून, बायकोचा हात धरून रिक्षातून उतरणार, हे त्याला पटत नव्हतं. त्यापेक्षा गिऱ्हाइकाचा हात स्कॅनरवर ठेवायचा, त्याचं चित्र भल्यामोठ्या स्क्रीनवर पसरायचं आणि त्याला नाक टेकवून वाचायचं, हे त्याला सोपं वाटलं. बायकांचा डावा हात बघायची जुनी रीत त्याने मोडीत काढली. सगळ्यांचा उजवाच हात, स्कॅनरवर आखलेल्या चौकोनात, एकाच जागी. स्क्रीनची पाठ गिऱ्हाइकाकडे असे. तिकडे काय चाललंय हे गिऱ्हाइकाने बघायचं कारण नाही, असं तो म्हणे.

ती स्क्रीन बसवायला त्याच गल्लीतला कॉम्प्युटरवाला दिपेश आला होता. माणूस गुजराती, मराठी जमेल तसं बोलणारा, पण कामाला चोख. वायरी लावून झाल्यावर त्याने एक मऊ फडकं टेबलावर ठेवलं.

"काका, हा फडका ठेवा. स्क्रीन पुसायची ना, तर पहिली बंद करायची. थंडी होऊ द्यायची. मग सुक्या फडक्याने, हलका हात, वरून खाली. डाग नाय निघाला तर फडक्याला जरासा पाणी लावायचा, स्क्रीनवर पाणी नाय मारायचा. आणि पूरा सुकल्याशिवाय चालू नाय करायची. पेपरने नाय पुसायचा, आणि तो काचेचा निळा स्प्रे तर बिलकुल नाय."

"काच पुसायला शिकवतोस मला?" काशीनाथ म्हणाला.

"अरे, तेच बोलतोय ना काका, ही काच नाय. वरती प्लास्टिकचा पडदा हाय, मॅट. ती चमकायला बनवलीच नाय. चमकली तर डोळ्यावर येणार."

चमकायला बनवलीच नाही! काशीनाथने त्या फडक्याकडे बघितलं. एवढंसं, पिवळं, पोराचा शेंबूड पुसायच्या लायकीचं. हे असले लोक दुकानं टाकून बसलेत, म्हणून देशातल्या मालाला दर्जा नाही. त्याने ते फडकं दोन बोटांनी उचललं आणि ड्रॉवरमध्ये उदबत्तीच्या पुड्याखाली टाकून दिलं.

दिपेश गेल्यावर त्याने स्क्रीनमध्ये आपलं तोंड शोधलं. सापडलं नाही. नुसती एक मळकट सावली. पॉलिश खात्यात जन्म काढलेल्या माणसाला याचा अर्थ एकच ठाऊक होता: घासणाऱ्याने काम टाळलंय. मग त्याने घासायला घेतलं. आधी ओल्या पंच्याने. मग निळा स्प्रे थेट स्क्रीनवर मारला; ओघळ खालच्या फटीत शिरले, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. मग वर्तमानपत्राचा बोळा. ती हट्टी वस्तू काही चमकेना. शेवटी एका गुरुवारी सकाळी त्याने घरून पॉलिशची वडी आणली. कारखाना सुटला तेव्हा आठवण म्हणून खिशात घातलेली, हिरवट, विटेसारखी कडक. जुन्या धोतराच्या चिंधीवर ती घासून त्याने स्क्रीनच्या डाव्या कडेला जोर लावला. गोल, गोल, थाळीला देतात तसा.

स्क्रीन चालूच होती. अंगठ्याखाली रंग फाकले, पाण्यावर तेल पसरावं तशी वलयं उठली. दुसरा कुणी असता तर घाबरून हात काढला असता. काशीनाथला वाटलं, आतला मळ हलतोय. त्याने आणखी दाबलं. थोड्या वेळाने तिथे तळहाताएवढा भाग गुळगुळीत झाला आणि त्यात त्याला स्वतःच्या मिशीचा अर्धा भाग दिसला. एवढा आनंद त्याला मुलीच्या, समिधाच्या जन्माच्या वेळीही झाला नव्हता. चिंधीत कुठलासा खडा होता, त्याने त्या गुळगुळीत भागातून एक तिरपी, बारीक रेघ ओढली होती. पण स्क्रीनवर तेव्हा लक्ष्मीचं जरीकाठी चित्र होतं आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्याला ती दिसली नाही.

दिसली ती त्या दिवशीच्या पहिल्या गिऱ्हाइकाच्या हातावर. तळहाताचं फिकट चित्र स्क्रीनवर पसरलं आणि करंगळीच्या खाली, बरोबर विवाहरेषेवरून एक तिरपा छेद गेलेला. काशीनाथ खुर्चीत सरळ झाला. "विवाहरेषा तुटलेली आहे," तो म्हणाला. दुसऱ्या गिऱ्हाइकाचीही तुटलेली. तिसऱ्याचीही. एखाद्याला संशय आला असता. काशीनाथला जगाविषयी जे आधीपासून वाटत होतं, त्याचा पुरावा मिळाला. ज्यांना भांडी घासता येत नाहीत त्यांना संसार कुठून करता येणार? भाईंदरच्या खाडीच्या हवेने माणसांच्या रेषा कुजतायत, असा एक सिद्धांतही त्याने बनवला आणि तो गिऱ्हाइकांना गंभीर चेहऱ्याने ऐकवायला लागला. उपाय म्हणून तो स्टीलची अंगठी द्यायचा, चांगली पॉलिश केलेली.

आणि लोक! लोकांना हे ऐकायला केवढं आवडलं! लग्न मोडणार असं सांगणाऱ्या माणसाकडे रांग लागते, कारण ज्याच्या त्याच्या घरात मोडण्यासारखं काहीतरी असतंच. गुरुजी तोंडावर सांगतात, अशी कीर्ती झाली. बाजारात फुलं विकणारी अंबिका आपल्या मुलीला, नेहाला घेऊन आली. नेहाचं लग्न ठरलेलं होतं. काशीनाथने स्क्रीनला नाक लावलं आणि मान हलवली. अंबिकाने ठरलेलं लग्न स्वतःहून मोडलं, आणि पोरगी वाचली म्हणून गुरुजींना पेढे घेऊन आली. गुरुजींनी पेढा तोंडात टाकला आणि खवा बरा नसल्याचं सांगितलं.

अशा या माणसाच्या मुलीचं, समिधाचं लग्न घोडबंदरच्या लोकेशशी ठरलं होतं. समिधा एका कुरिअरच्या ऑफिसात होती, लोकेश लिफ्ट दुरुस्त करायचा. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं आणि सुगंधाने नवऱ्याला कधी नव्हे ते दमात घेऊन साखरपुडा उरकून घेतला होता. लोकेशच्या नखांत ग्रीस असतं, एवढी एकच तक्रार काशीनाथने मांडली होती. घरच्या माणसांचे हात बघायचे नाहीत असा त्याचा नियम होता, म्हणून प्रकरण तिथेच निभावलं असतं. पण लोकेशची आई शेवंती भाविक बाई. तिने एक दिवस व्याह्यांच्या दुकानाची रांग बघितली आणि तिला भरून आलं.

"व्याही," ती म्हणाली, "समदं गाव तुमच्याकडं हात दावतंय, मंग आमच्याच पोरांनी काय पाप केलंय? दोघांचं बी हात बघा. माझ्या मनाला बरं वाटंल."

गिऱ्हाइकं ऐकत होती. काशीनाथला मोठेपणा सोडवला नाही. दोघांना बोलावून घेऊन त्याने आधी लोकेशचा हात ठेवला. करंगळीखाली छेद. काशीनाथच्या मिशीखाली एक हलकं हसू आलं. ग्रीसवाल्याकडून त्याने दुसरी अपेक्षा केलीच नव्हती. मग समिधाने हात ठेवला. स्क्रीनवर तिचा तळहात पसरला आणि काशीनाथच्या मिशीखालचं हसू गेलं. तीच रेघ, त्याच जागी. आयुष्यात ज्या एका वस्तूला त्याने कधी रिजेक्ट म्हटलं नव्हतं ती ही मुलगी होती. त्याने तिचा हात पुन्हा स्कॅनरवर ठेवायला लावून पुन्हा वाचला, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. तो ढोंगी नव्हता. तोवर तो फक्त मूर्ख होता.

"हे लग्न टिकणार नाही," तो म्हणाला. "दोघांच्याही हातात नाही."

शेवंतीने डोळ्यांना पदर लावला. बाकीच्या गिऱ्हाइकांनी एकमेकांकडे बघितलं: पोटच्या पोरीलासुद्धा सोडलं नाही! संध्याकाळपर्यंत ही गोष्ट भाईंदरभर झाली, आणि घोडबंदरहून साखरपुड्याची साडी परत न्यायला माणूस आला. त्याच्यासोबत शेवंतीने काशीनाथसाठी नारळ आणि नमस्कार पाठवला होता.

घरात सुगंधा रडली, भांडली, मग बोलायची थांबली. समिधा रडलीही नाही. ती रोज ऑफिसला जात होती, येत होती, ताटात वाढलेलं खात होती, आणि जेवताना आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. काशीनाथला वाटलं, पोरीने नशीब स्वीकारलं. रविवारी ती दुकानात आली. गिऱ्हाइक कुणी नव्हतं.

"बाबा, मला माझी रेष बघायचीय."

"तुला कळणार नाही त्यातलं."

"मला ती माझ्या हातावर सापडत नाहीये, म्हणून बघायचीय," ती म्हणाली आणि टेबलाला वळसा घालून त्याच्या बाजूला आली. आजवर तिथे कुणी आलं नव्हतं.

तिने संगणकात साठवलेलं स्वतःच्या हाताचं चित्र उघडलं. रेघ होती. तिने आपला हात स्क्रीनशेजारी धरला. हातावर रेघ नव्हती. तिने लोकेशचं चित्र काढलं, मग कुणा अनोळखी म्हाताऱ्याचं. रेघ तिथेच. तिने सगळी चित्रं बंद करून एक कोरं पांढरं पान उघडलं. पांढऱ्या पानाचीही विवाहरेषा तुटलेली होती. मग तिने बटण दाबून स्क्रीनच बंद केली. काळ्या पडद्यावर दुपारचा उजेड पडला आणि तो घासून गुळगुळीत केलेला भाग, त्यातून गेलेला लांब चरा, आजूबाजूची बारीक खरवड, सगळं एखाद्या जखमेसारखं उघडं पडलं. पुसण्याआधी बंद करायची, असं दिपेशने सुरुवातीलाच सांगितलं होतं. एकदा जरी ते ऐकलं असतं तरी मोतीबिंदूच्या डोळ्यांनाही हे दिसलं असतं.

"तुम्ही ही घासलीत, बाबा?"

"मुळातच माल खराब होता," काशीनाथ म्हणाला. पण त्याचं बोट तोवर स्क्रीनवर पोचलं होतं. नख चऱ्यात अडकलं. थाळीवरचा चरा तो डोळे मिटून ओळखायचा. त्या एका गोष्टीत त्याला कुणी फसवू शकत नव्हतं. त्याला कळलं. पुरतं कळलं. त्याने हात मागे घेतला आणि झब्ब्याला पुसला.

समिधाने तिथूनच शेवंतीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून शेवंती हळू आवाजात म्हणाली, "बाय, तुझं मन कळतंय मला. पन तुझ्या बापाचा सबूद खोटा कसा व्हईल? त्येंनी सांगूं दे. त्येंनी नुसतं व्हय म्हनलं, तरी मी साडी घेऊन येतंय."

फोन ठेवून समिधा वडिलांकडे वळली. "एक वाक्य बोलायचंय, बाबा. स्क्रीनवर चरा होता. एवढंच. मी तर सांगतेय, चुकून पडला म्हणा."

काशीनाथ छताकडे बघत बसला. वाक्य सोपं होतं, पण त्याच्यामागून अंबिका येणार होती, नेहा येणार होती, स्टीलच्या अंगठ्या घातलेलं अर्धं भाईंदर येणार होतं. आणि त्या दिपेशला कळणार होतं. हे शेवटचं त्याला सगळ्यात जास्त बोचत होतं. एका बाजूला पोरीचा संसार आणि दुसऱ्या बाजूला एका कॉम्प्युटरवाल्याचं हसू, आणि या माणसाला विचार करायला वेळ लागत होता!

तरी तो घोडबंदरला गेला. सुगंधाने त्याला समिधाबरोबर रिक्षात घातलाच. शेवंतीने ओटीवर चटई अंथरली, चहा केला, लोकेश भिंतीला टेकून उभा राहिला. समिधा वडिलांकडे बघत होती. काशीनाथने घसा साफ केला.

"यंत्रात दोष नाही," तो म्हणाला. "रेष आहेच. पण मी पुन्हा अभ्यास केला. फार सूक्ष्म आहे. मी अंगठी देतो, तिने दोष जाईल. लग्न करायला हरकत नाही."

त्याला वाटलं, आपण सगळंच वाचवलं. पोरगीही आणि पाटीही. अशा वेळी तो स्वतःवर भलताच खूश असे. समिधाने मान खाली घातली. शेवंती मात्र भाविक असली तरी आंधळी नव्हती. बाजारात मासळी विकून तिने घर चालवलं होतं आणि गिऱ्हाइकाने डोळा चुकवला की तिला कळत असे. तिने समिधाचा हात ओढून उन्हात धरला.

"कुठं हाय ती रेस? दावा मला."

काशीनाथने पुढे वाकून डोळे बारीक केले. धुकं. त्याने अंदाजाने बोट टेकवलं. "ही काय."

"हितं कायबी न्हाय. हितं नुसतं कातडं हाय."

"साध्या डोळ्यांना दिसायची नाही. ती फक्त मशीनवर दिसते."

"मंग त्या मशीनचं लगीन मोडा ना!" शेवंती उसळली. "आमच्या पोरांचं कशाला मोडताव? दुकानात इचारलं, हितं बी इचारलं तुम्हाला. बाप हाय का कोन हाय तुम्ही?"

लोकेशला हसू आवरलं नाही. काशीनाथ उठला, चपला शोधत म्हणाला, "अडाणी लोकांपुढे शास्त्र बोलू नये ते यासाठी." त्याच दुपारी शेवंतीने साडी पुन्हा समिधाच्या ओटीत घातली. परत येताना रिक्षात समिधा वडिलांना म्हणाली, "लग्न होईल. पण ज्यांची तुम्ही मोडलीत त्यांना खरं सांगा. ज्या दिवशी सांगाल त्या दिवशी मी तुमच्या पाया पडेन. तोवर नाही." काशीनाथने रिक्षावाल्याला हिंदीत विचारलं, की सीटचं कव्हर कधी धुतलं होतं.

लग्न भाईंदर पश्चिमेच्या एका हॉलमध्ये झालं. काशीनाथ फेटा बांधून दारात उभा होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला तीच गोष्ट सांगत होता: पोरीची रेष तुटलेली होती, आपण ती जोडली, कशी जोडली ते शास्त्र वेगळं. लोक माना डोलावत होते. स्वतःच्या मूर्खपणाची त्याने जाहिरात करून टाकली होती. समिधाने लग्नात स्टीलची अंगठी घातलेली नाही, हे कुणी बघितलं नाही. आता तो मूर्ख उरला नव्हता. त्याला सगळं माहीत होतं आणि तो सांगत नव्हता. अशा माणसाला जो शब्द आहे तो लग्नघरात उच्चारू नये.

पाठवणीच्या वेळी गर्दीतून अंबिका पुढे आली. तिच्यामागे नेहा होती, मान खाली, हातात मोगऱ्याची परडी. अंबिका वाकून काशीनाथच्या पाया पडली.

"गुरुजी, तुम्ही समिधाची रेष जोडलीत. आमच्या नेहाची पण जोडा ना. तो मुलगा अजून थांबलाय. परवाच त्याची बहीण येऊन गेली. मीच नाही म्हटलं, तुम्हाला विचारल्याशिवाय कसं हो म्हणू?"

वाक्य तसंच सोपं होतं. समिधा नवऱ्याशेजारी उभी राहून ऐकत होती. सुगंधाच्या हातात हळदकुंकवाचं तबक होतं, तीही ऐकत होती. काशीनाथने नाकपुड्या फुगवल्या.

"गुरुवारी घेऊन ये," तो म्हणाला. "हात पुन्हा बघावा लागेल."

सुगंधाने तबक शेजारच्या बाईच्या हातात दिलं. लग्न झाल्यापासून या माणसाचं बोलणं तिने ऐकून घेतलं होतं, लोकांच्या घरी खाली ठेवलेली फुलपात्रं तिनेच उचलून घाईघाईने पिऊन टाकली होती. आता तिचा आवाज हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला.

"अंबिका, काही बघावं लागणार नाही. त्यांच्या स्क्रीनवर चरा आहे. त्यांनीच भांड्याची पॉलिश लावून घासून पाडलाय. सगळ्यांच्या हातावर दिसायचा तो चराच. त्यांना महिनोन्‌महिने डोळ्यांनी दिसत नाही. तुझ्या नेहाला काही झालेलं नाही, त्या मुलाला आजच फोन कर."

बँडवाला वाजवायला निघाला होता, तो थांबला. अंबिकाने आधी सुगंधाकडे बघितलं, मग काशीनाथकडे. तो म्हणाला, "बायकांना काय कळतं त्यातलं," पण ते कुणी ऐकलं नाही, कारण खुर्च्यांवर बसलेली, दारात उभी असलेली, जेवून पान खात असलेली माणसं आपापला उजवा हात डोळ्यांपुढे धरून करंगळीच्या खाली बघत होती. कुणी बोटातून अंगठी काढत होतं. नेहाने आपला हात आईला दाखवला, आणि अंबिका तिथेच, काशीनाथच्या पायांशी, मुलीला धरून रडायला लागली.

समिधा पुढे आली. जरीच्या साडीत वाकणं तिला जड जात होतं, लोकेशने तिचा कोपर धरला. ती आईच्या पायांवर डोकं ठेवून बराच वेळ तशीच राहिली. शेजारी काशीनाथने आपला उजवा पाय पुढे काढून ठेवला होता. ती उठली, डोळे पुसले, त्या पायाला वळसा घालून गाडीकडे गेली.